जुनी पिकअप घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला आमचा मंडप, खुर्च्या आणि भांडी भाड्याने देण्याचा धंदा आहे. वडिलांच्या काळात एक टाटा २०७ होती, आता दोन बोलेरो पिकअप आणि एक छोटा हाथी आहे. यातली एकही गाडी आम्ही शोरूममधून आणलेली नाही. त्यामुळे ओळखीतला कुणी जुनी गाडी बघायला निघाला की त्याचा आधी मला फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात आणि माझी बडबडही ठरलेली असते. ती एकदा लिहून ठेवतो.

छोटा हाथी घेऊ, दोस्त घेऊ की बोलेरो?

तुमचा माल काय आणि तुमची गल्ली केवढी, ते आधी सांगा. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी, २००५ साली आला. दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं इंजिन आणि पाऊण टनाची गाडी. चाळीच्या बोळात शिरते, जागच्या जागी वळते. अशोक लेलँडची दोस्त २०११ साली आली, तीन सिलिंडर, सव्वा टनाच्या आसपास माल. बोलेरो पिकअपचं डिझेल इंजिन अडीच लिटरचं, ती चढाला दमत नाही, पण गल्लीत रिव्हर्स घेताना क्लीनर उतरवावा लागतो.

तिघींचे पार्ट मुंबईत कुठेही मिळतात. जे मॉडेल कंपनीने बंद केलंय ते स्वस्तात गळ्यात मारलं जातं, त्यापासून लांब राहा. आणि रोज टनभर माल असेल तर छोटा हाथी घेऊन तो कोंबू नका. बाजारात ज्या एस खिळखिळ्या झालेल्या दिसतात, त्यातल्या बहुतेक अशाच मेल्यात.

किती किलोमीटर चाललेली गाडी चालेल?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि माझ्या मते तो शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा विचारा: या गाडीने आजवर वाहिलं काय?

वाशीच्या एपीएमसीतून रोज रात्री भाजी आणणारी गाडी दीड लाख किलोमीटर झालेली असू शकते. पण ती रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये चाललेली असते. इंजिन बरं असतं. दुधाची गाडी कमी चालते, पण शंभर ठिकाणी थांबते, सुटते. तिचा क्लच, स्टार्टर आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या बिजागऱ्या बघा. डेब्रिज, रेती, लाद्या वाहणाऱ्या गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, आणि मागचा एक्सल दमलेला असतो. आमच्यासारख्या मंडपवाल्याची गाडी निम्मं वर्ष उभी असते. तिचं इंजिन कमी वापरलेलं, पण टायर, बॅटरी आणि रबराचे पाइप उभ्या उभ्या कडक झालेले.

आणि मासळीची गाडी. तिच्यावर मी वेगळं लिहितो, कारण तिने मला शिकवलंय.

२०१४ साली मी एक छोटा हाथी घेतला. मालक म्हणाला, किराणा माल चालायचा. गाडी रंगवून चकचकीत, हौद्यात, म्हणजे मागे माल ठेवतात तिथे, नवा पत्रा, इंजिन एका सेल्फमध्ये चालू. सव्वा लाख मोजले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि हौद्यातून वास यायला लागला. आधी वाटलं कुणी तरी सुकट सांडली. दोनदा धुतला, वास जाईना. शेवटी मेस्त्रीने नवा पत्रा उचकटला, तर खालच्या फळ्या काळ्या, बुळबुळीत. फळी काढली, खाली चासीची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याची, आडवी पट्टी. मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

गाडी भाऊच्या धक्क्यावर चालायची. बर्फ वितळून मासळीचं खारट पाणी वर्षानुवर्षं फळ्यांमधून चासीवर झिरपलेलं. ससून डॉक असो की भाऊचा धक्का, त्या गाड्यांची इंजिनं ठणठणीत असतात आणि खालून गाडी नसतेच. किलोमीटरचा काटा यातलं काही सांगत नाही. शिवाय काटा मागे फिरवणारे शहरात पुष्कळ आहेत. काट्यावर साठ हजार आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत असेल तर रबरावर विश्वास ठेवा.

मग चासी तपासायची कशी?

कपडे खराब करायची तयारी ठेवून जा. खाली पुठ्ठा टाका, पाठीवर झोपा आणि टॉर्च मारा. उभ्याने वाकून दिसतो तो फक्त रंग.

मागच्या एक्सलच्या वर जिथे चासी वाकवलेली असते तिथे चिखल साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चासीला रिव्हेट केलेत तिथे बघा. हौदा आणि चासी यांच्यामध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी असते, तिच्याखाली बोट घाला. पापुद्रे हाताला आले तर समजा. छोटी हातोडी न्या आणि दोन्ही बाजूंनी हलकं ठोकत पुढून मागे जा. चांगलं लोखंड टण् वाजतं, सडलेलं थप् वाजतं. हा फरक कळायला मेस्त्री लागत नाही.

खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला की मी तरी गाडी सोडतो. खालून रंगवायची हौस कुणाला उगाच येत नाही.

वेल्डिंगची रेघ हौद्यावर असेल तर चालतं, ब्रॅकेटवर असेल तर विचारा, चासीच्या लांब बीमवर असेल तर घरी या. वाकलेली चासी ओळखायची सोपी युक्ती आहे: पाण्याने भिजलेल्या रस्त्यावरून गाडी सरळ घ्या आणि मागे जाऊन चाकांच्या खुणा बघा. मागच्या चाकांच्या खुणा पुढच्या खुणांच्या एकाच अंगाला सरकलेल्या दिसल्या तर गाडी तिरकी चालते, म्हणजे कधीतरी चांगली ठोकलेली आहे.

चासी नंबर चासीवरच कोरलेला असतो. तो स्वतः वाचा, आणि पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची हवीत. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्यासारखं दिसत असेल तर पुढे बोलणंच नको.

पुरात बुडालेली गाडी कळते का?

कळते, पण इंजिनकडे बघून नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना आठवतं. पण हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, कुर्ला इथे पाणी भरायला २६ जुलै लागत नाही. गल्लीत उभी असलेली पिकअप सीटपर्यंत बुडाली की धुऊन, वाळवून, ऑइल बदलून ती दिवाळीपर्यंत विकायला येते.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर खेचा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीट सरकायच्या पट्टीत बोट फिरवा. फ्यूज बॉक्स उघडा, पितळेवर हिरवी पूड असेल तर वायरिंग आज ना उद्या जाणार. हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ बघा. वायपर, हॉर्न, इंडिकेटर, काचा सगळं एकदम चालू करून बघा. बुडालेल्या गाडीत एक लावलं की दुसरं बंद पडतं.

इंजिनाचं काय बघू? मला त्यातलं काही कळत नाही.

मालकाला सांगा, सकाळी येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. छोट्या हाथीला पुढे बॉनेट नसतं, तिथे सीट उचलून इंजिनाजवळ हात न्या. गरम लागलं तर त्याला काहीतरी लपवायचंय. डिझेल इंजिनाची खरी तब्येत थंड असतानाच कळते; कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं इंजिन सकाळी नाटकं करतं आणि दुपारी शहाण्यासारखं वागतं.

चालू झाल्यावर मागे जा. सुरुवातीला पांढरा धूर येऊन दोन मिनिटांत गेला तर ठीक. येतच राहिला तर पाणी आत जातंय का बघा, हेड गॅसकेटचं काम असू शकतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा नुसता एअर फिल्टर. हा त्यातल्या त्यात स्वस्तातला आजार.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर हरकत नाही. उडून पडलं किंवा भकाभका धूर आला तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे रिंगा-पिस्टन गेलेत. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा, गरम असताना हात भाजून घेतलेले दोघे जण मला माहीत आहेत. पाण्यावर ऑइलचा तवंग नको, आणि ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग नको.

“इंजिन नुकतंच केलंय” हे वाक्य ऐकलंत तर बिल मागा. बिल नसेल तर इंजिन केलेलं नाही असं धरून भाव करा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची?

माल भरून. रिकामी पिकअप सगळीच चांगली चालते, तिथेच लोक फसतात. मी पाच-सहा गोणी सिमेंट किंवा चार माणसं हौद्यात घ्या असं सांगणार होतो, पण माणसं हौद्यात बसवणं नियमात बसत नाही, तेव्हा गोण्याच.

पवईच्या चढाला किंवा एखाद्या मोठ्या फ्लायओव्हरवर तिसऱ्यात न्या. चढ संपल्यावर ॲक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर उडून न्यूट्रलमध्ये आला तर गिअरबॉक्स उतरवावा लागणार. चाळीस-पन्नासच्या वेगाला मागून हूं-हूं आवाज येतो का ऐका. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा सूर असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी चाकं, झिजलंय. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्यात हळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. ओरडत राहिलं तर क्लच प्लेट संपली.

मोकळ्या जागी ब्रेक मारताना स्टिअरिंग हलकं धरा. गाडी एका बाजूला ओढते का ते हाताला कळतं.

पाटे आणि टायर?

पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे हवेत आणि कंपनीने दिले तेवढेच हवेत. जादा पाटा टाकलेला असेल तर तो मालकाने सहज टाकलेला नाही. गाडी कायम ओव्हरलोड चाललीय याची ती लेखी कबुलीच आहे.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उरलेली असो, सात-आठ वर्षांचा टायर तुमच्या खर्चात धरा. पुढचा टायर आतल्या कडेने खाल्लेला असेल तर खालचे जॉइंट किंवा किंगपिन (ज्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती) ढिले आहेत.

गाडी किती वर्षांची घ्यावी?

आठ वर्षं ही पहिली रेघ. माल वाहणाऱ्या गाडीचं फिटनेस, ज्याला आपण पासिंग म्हणतो, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी होतं आणि त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही सुरू होतो. पंधरा वर्षं ही दुसरी रेघ. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी बरीच वाढवली गेली. विसार देण्याआधी त्या दिवसाची फी आरटीओच्या साइटवर बघा आणि भावातून वजा करा.

तिसरी रेघ बीएसची, म्हणजे धुराबद्दलच्या सरकारी निकषाची. देशभर बीएस-४ हे १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून. मुंबईत डिझेल गाड्यांचं पुढे काय होणार याची चर्चा अधूनमधून कोर्टात होतेच. म्हणून दोन गाड्या सारख्या वाटल्या तर मी नेहमी नव्या बीएसची घेतो, चार पैसे जास्त देऊन. पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीच्या दाखल्यातही फरक पडतो: बीएस-४ आणि बीएस-६ ची वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने.

दिल्लीकडून आलेली स्वस्त डिझेल पिकअप कुणी दाखवली तर तिची स्वस्ताई कुठून आली ते लक्षात घ्या. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि तिथल्या जुन्या गाड्या देशभर पसरल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. पण दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला टॅक्स, नवा नंबर, आणि त्यात तुमचे किती महिने जातील ते एजंटच जाणे.

कागदपत्रांत कुठे घोडं पेंड खातं?

बोज्यात. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर गाडी अजून मालकाची नाहीच. “हप्ते संपलेत, फक्त नाव काढायचं राहिलंय” हे सगळेच सांगतात. त्याला म्हणावं, मग आधी नाव काढ. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरला की मग पैसे.

गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका. पासिंगची तारीख, विमा, पीयूसी, बोजा सगळं दिसतं. ई-चलनं वेगळी बघा. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, ठाणे कुठल्याही आरटीओची गाडी असू द्या, मुंबईत फिरणाऱ्या पिकअपवर नो-पार्किंगची दोन-चार चलनं असतातच. तीस-चाळीस असली तर ड्रायव्हर कसा होता तेही कळतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का तेही बघून घ्या.

ज्याच्या नावावर गाडी आहे तोच समोर बसलाय का? भाऊ, मेहुणा, “साहेब गावाला गेलेत” असं काही असेल तर साहेब येईपर्यंत थांबा. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्यासाठी फॉर्म ३१.

पैसे दिले, गाडी आणली. नाव नंतर चढवलं तर चालतं ना?

नाही. हा मुद्दा मी विकणाऱ्यालाही तितक्याच जोरात सांगतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद कपाटात ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. कायदा सांगतो की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, मग मधे गाडी चार हात फिरलेली का असेना.

विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही.

लायसन्स आणि परमिट वेगळं लागतं का?

साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा कायम केलं. मालासकट एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. हे वजन आरसीवर छापलेलं असतं. बोलेरोच्या काही मॉडेलचं तीन हजारांच्या आत आणि काहींचं वर आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

सीएनजी बसवलेली गाडी?

आरसीवर सीएनजीची नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, झालेली हवी. टाकीच्या पट्टीवर तारीख असते. यातलं एक जरी नसेल तर पासिंगला गाडी परत येईल. हौद्यातली जागा टाकीने खाल्लीय, तेही माप घेऊन बघा. आमच्या खुर्च्यांची एक थप्पी त्यातच कमी होते.

बँकेने ओढून आणलेल्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणे.

मिळतात. यार्डात उभ्या, कधी चावी नाही, बॅटरी तर नसतेच, आणि चालवून बघायला देत नाहीत. ज्याला हप्ता भरता येत नव्हता त्याने ऑइल वेळेवर बदललं असेल का, एवढा विचार करा. मी एकदाच गेलो आणि हात हलवत परत आलो. स्वतःचं गॅरेज असेल तर जा.

मेस्त्रीला सोबत नेऊ का?

न्या, आणि त्याची दिवसाची मजुरी आधी हातावर ठेवा. नाहीतर सौदा झाला तर कमिशन, नाहीतर काही नाही, अशा हिशोबात त्याला प्रत्येक गाडी चांगली दिसायला लागते. विकणाऱ्याने सुचवलेला मेस्त्री नको. खराब निघालेल्या पार्टांची किंमत कुर्ल्याच्या स्पेअर बाजारात फोनवर विचारून घ्या, भाव करताना आकडा हाताशी असतो.

ताबा घेताना काय लिहून घ्यायचं?

ताबा पावती दोन प्रतींत करा. दोघांची नावं, गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबर, काट्यावरचे किलोमीटर, किती पैसे कसे दिले. आणि तारखेसोबत वेळ लिहा, तास-मिनिटांसकट. आमच्या एका बोलेरोचा ताबा मी संध्याकाळी सव्वासातला घेतला. त्याच दिवशी दुपारी तीनला जुन्या ड्रायव्हरने ऐरोलीला सिग्नल तोडला होता. चलन महिन्याभराने माझ्या फोनवर आलं. पावतीवर सव्वासात लिहिलेलं होतं म्हणून जुन्या मालकाने काही न बोलता पैसे पाठवले.